जुन्या पिकअपला पाचवा गिअर: आधी गणित, मग पाना

नागपूरहून वर्धा रोडवर बुटीबोरी मागे पडली की रस्ता मोकळा होतो आणि चार गिअरची जुनी डिझेल पिकअप बोंबलायला लागते. गाडी सत्तरला असते, इंजिन मात्र शंभरला असल्यासारखं फिरतं. मग कोणीतरी सांगतं, "पाच गिअरचा बॉक्स टाकून घ्या." सल्ला चुकीचा नाही, पण तो लागू पडतो का हे मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनवर (चाकं फिरवणाऱ्या दातेरी जोडीवर) ठरतं, आणि ते न बघताच बॉक्स विकत घेतले जातात.

गणित सोपं आहे. ताशी 60 म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर. एका किलोमीटरला टायरचे जितके फेरे होतात, त्याला हाउसिंगच्या रेशोने (क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) गुणलं की 60 च्या वेगाला टॉप गिअरमधले आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, मिळतात, कारण चार गिअरच्या बॉक्समध्ये टॉप सहसा एकास एक असतो. फेरे मोजायला टायरवर खडूची खूण करा, नेहमीचा माल भरा, दहा फेरे गाडी ढकला आणि अंतर टेपने मोजा. 6.00-16 टायरचं ते साधारण 22 मीटर भरतं, म्हणजे किलोमीटरला 455 फेरे.

रेशो माहीत नसेल तर हाउसिंग उघडायची गरज नाही. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रल करा, मागचं एकच चाक उचला. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सपासून हाउसिंगपर्यंतचा लांब दांडा) किती फिरला ते मोजा. दुसरं चाक जमिनीवर असल्याने दोन फेऱ्यांना डिफरन्शियलचा, म्हणजे क्राउनचा, एकच फेरा होतो, म्हणून आलेला आकडा हाच रेशो. जुन्या महिंद्रात 43 ला 8 म्हणजे 5.38, 39 ला 8 म्हणजे 4.88 किंवा 47 ला 11 म्हणजे 4.27 अशा जोड्या सापडतात.

आता 4.88 वाली गाडी घ्या. 80 च्या वेगाला टॉपमध्ये 2950 च्या आसपास आरपीएम. पाचवा गिअर 0.83 चा असेल, म्हणजे इंजिनाच्या 0.83 फेऱ्याला शाफ्टचा एक फेरा, तर तेच 2450 वर येतात. पाचशेचा फरक कानाला लगेच कळतो. पण गाडीत आधीच 4.27 असेल तर 80 ला 2600 च आहेत, आणि पाचव्यात ते 2150 होतील. 2112 सीसीच्या टर्बो नसलेल्या डिझेलला एवढ्या आरपीएमवर माल ओढणं जड जातं. अशा गाडीत पाचव्या गिअरवर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

क्राउन-पिनियन बदलून 4.27 करणं स्वस्त पडतं, पण मग पहिला गिअरही तेवढाच उंच होतो. कळमन्याला संत्र्याची खेप भरून निघालेली गाडी चढावर क्लच जाळते. पाच गिअरच्या बॉक्सचा फायदा हाच, की खालचे गिअर बहुतेक जागच्या जागी राहतात. बॉक्स घेण्याआधी त्याच्या पहिल्या गिअरचा रेशोही विचारा. फोर-व्हील जीपच्या डॅना 18 ट्रान्सफर केसला (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीला) मागच्या पीटीओ तोंडावर, म्हणजे बाहेरची यंत्रं जोडायच्या जागी, बसणारे वेगळे ओव्हरड्राइव्ह (वरचा जादा गिअर) अमेरिकेत निघाले. टू-व्हील पिकअपला ट्रान्सफर केसच नाही, त्यामुळे तो रस्ता बंद.

भंगारातून बॉक्स घेताना एकटा बॉक्स उचलू नका. बेल हाउसिंग (बॉक्स इंजिनाला जोडणारं क्लचवरचं झाकण), क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फोर्क, मागचा फ्लँज, फाउंडेशन (बॉक्स टेकवायचं माउंटिंग) आणि गिअरचा दांडा, सगळं एकाच गाडीचं घ्या. बोलेरोच्या पिढीतला बॉक्स असला तरी जुन्या इंजिनावर बोल्टची भोकं जुळतीलच असं धरू नका, पुठ्ठ्यावर छाप काढून दुकानात न्या. ऑइल काढून बघा: सोनेरी भुकटी थोडी चालते, लोखंडाचे तुकडे दिसले तर बॉक्स तिथेच ठेवा. पुढचा शाफ्ट हाताने किंचित हलतो, ते ठीक, कारण त्याचं टोक फ्लायव्हीलच्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. मागचा फ्लँज मात्र वरखाली हलता कामा नये. पाचव्याच्या सिंक्रोचे (गिअर न करकरता पडू देणाऱ्या रिंगचे) दात गोल झालेत का, तेही टॉर्च मारून बघा.

बसवताना सगळ्यात जास्त नुकसान बोल्ट आवळून बॉक्स इंजिनाकडे ओढल्याने होतं. बॉक्सचा बोल्टचा कान तुटतो, नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो आणि मग क्लच दाबूनही गिअर करकरतो. दोन लांब बोल्टची डोकी कापून गाइड म्हणून लावा, बॉक्स त्यांवर सरकवा. तो हाताच्या जोराने शेवटच्या मिलिमीटरपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर चारच शक्यता: प्लेट मध्यावर नाही, स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) वेगळी, पायलटचं माप वेगळं, किंवा शाफ्ट लांब आहे. शेवटची शक्यता सगळ्यात वाईट, कारण टोक क्रँकला टेकलं तर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर कायम दाब राहतो. टोकापुढे दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा हवीच.

वेगवेगळ्या गाड्यांचं बेल हाउसिंग आणि इंजिन जोडलं, किंवा मध्ये लेथवर केलेली अडॅप्टर प्लेट घातली, तर फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल हाउसिंगचं भोक मध्यावर आहे का ते तपासा. सुई एका फेऱ्यात 0.15 मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा लेथ. हिंगणा एमआयडीसीत हे काम करणारे आहेत, पण गेज लावा हे सांगावं लागतं. तिरका बसलेला बॉक्स सुरुवातीला मुकाट चालतो, मग पुढचं बेअरिंग गुणगुणतं आणि गिअर आपोआप सुटायला लागतो.

पाच गिअरचा बॉक्स सहसा लांब असतो, म्हणजे क्रॉस मेंबर मागे आणि प्रॉपेलर शाफ्ट आखूड. शाफ्टचं माप गाडी चारही चाकांवर उभी असताना, एकदा रिकामी आणि एकदा माल भरून घ्या, कारण पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सपाट झाले की हाउसिंग मागे सरकतं. स्लिप जॉइंटला (शाफ्टच्या सरकत्या सांध्याला) आत जायला साधारण 25 मिलिमीटर जागा ठेवा. कापून वेल्डिंग केलेल्या शाफ्टची दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत हवीत आणि बॅलन्सिंग झालंच पाहिजे. बॉक्सचा आणि पिनियनचा कोन एकमेकांशी समांतर, आणि शाफ्टच्या टोकांच्या प्रत्येक क्रॉसला (वळत्या सांध्याला) एक ते तीन अंशांचा वाकडेपणा. अगदी शून्य कोनही वाईट, क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.

ऑइलमध्ये फार लोक फसतात. मागच्या हाउसिंगला जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं, म्हणून तेच बॉक्समध्ये ओततात. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला खाऊ शकतात आणि रिंग घसरती होऊन गिअर करकरतात. बॉक्सला जीएल-4, 80डब्ल्यू-90. अनेक बॉक्समध्ये पाचव्या गिअरची जोडी मुख्य पेटीच्या मागे, वेगळ्या कप्प्यात असते. ऑइल कमी पडलं की पहिला बळी तिचाच. भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा, गाडी सपाटीवर ठेवून.

मायलेज किती वाढलं हे सांगण्याआधी स्पीडोमीटर तपासा. बॉक्स 4.27 च्या गाडीतून आला आणि तुमच्याकडे 4.88 आहे, तर टायर सारखे असले तरी मीटर 14 टक्के जास्त दाखवेल. काटा 80 वर असतो तेव्हा गाडी 70 ला असते, आणि किलोमीटरही तेवढेच फुगतात. "पाचव्याने तीन किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज वाढलं" ही बढाई बऱ्याचदा इथूनच येते. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून स्पीडो गिअर बदला. खरी बचत थोडीच असते आणि हायवेवरच मिळते. सीताबर्डीच्या गर्दीत पाचवा लागतच नाही.

चालवताना 65 च्या खाली पाचवा टाकू नका. माल भरलेला असताना पाचव्यात पाय दाबला आणि मागे काळा धूर निघाला, म्हणजे इंजिन घुसमटतंय, लगेच चौथा. सिवनीच्या वाटेवरच्या कुरईच्या घाटात पाचवा विसरा. मे महिन्यात आणखी एक गोष्ट कळते: पारा 45 वर, समोरून गरम वारा, आणि पाचव्यात तापमानाचा काटा वर चढतो. पट्ट्यावर चालणारा फॅन आणि वॉटर पंप इंजिनाबरोबरच हळू झालेले असतात, ओढायचं ओझं मात्र तेवढंच असतं. चौथ्यात घेतलं की काटा बऱ्याचदा उतरतो. रेडिएटर आधीच अर्धा चोंदलेला असेल तर ते काम बॉक्सच्या आधी करा. आणि ब्रेक जुने ड्रमच आहेत, हे विसरायला पाचवा गिअर फार लवकर शिकवतो.

चेसिसला कापाकापी नको; क्रॉस मेंबर बोल्टने बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. पहिल्या 500 किलोमीटरनंतर बेल हाउसिंगचे आणि क्रॉसचे बोल्ट पुन्हा आवळा, ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात ओतून तळाशी काय बसतं ते बघा.