वकीलपत्र
आज सेशन कोर्टाच्या जिन्यात मयत मुलीची आई समोर आली. "ताई, तुम्हालाही लेक आहे ना?" एवढंच म्हणाली. मला काही सुचलं नाही. हात जोडले आणि आत गेले.

आत पंचाचा उलटतपास होता. पंचनाम्यावर सही केली तेव्हा कागद कोरा होता, हे त्यानं कबूल केलं. हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं! आरोपी गरीब, विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे आलेला. राज्यघटनेचं कलम २२ त्यालाही वकिलाचा हक्क देतं. अमक्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असे बार असोसिएशनचे ठराव सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच बेकायदा ठरवलेत. कसाबलाही वकील दिलाच होता की आपण.

सगळं पाठ आहे मला. तरी रात्री जेवताना लेकीकडे बघवेना.