टापटीप सायकेडेलिया

साठच्या दशकातला सायकेडेलिक, म्हंजे नशेच्या तंद्रीतल्यासारखा, रॉक म्हटलं की एक ठरलेलं चित्र समोर येतं, वाढलेले केस, धूर, मधेच कुठूनतरी सतार, आणि गिटारवाला डोळे मिटून जो सुटतो तो थांबायचं नावच घेत नाही. मला यातलं बरंच आवडतं, नाही असं नाही, पण मी परत परत जो अल्बम लावतो त्यात यातलं जवळजवळ काहीच नाही. सतार नाही, गिटार आहे पण बहुतेक मागच्या बाकावर, आणि १२ गाणी मिळून ३५ मिनिटांत खेळ खलास. झॉम्बीज नावाच्या इंग्लिश बँडचा 'ओडेसी अँड ऑरॅकल', १९६८ सालचा.

बँडच्या नावावर जाऊ नका, इतकी सभ्य भुतं दुसरीकडे मिळायची नाहीत. लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सची ही पाच पोरं, त्यातला कीबोर्डवाला रॉड अर्जंट लहानपणी तिथल्या कॅथेड्रलच्या कॉयरमध्ये, म्हंजे चर्चच्या गायकवृंदात, गायचा, आणि ते ऐकू येतंच, कारण या अल्बममधे जिकडे तिकडे आवाजांवर आवाज रचलेत. १९६४ मधे 'शीज नॉट देअर' अमेरिकेतसुद्धा गाजलं होतं, पण १९६७ उजाडेपर्यंत गाडी पार थंडावली होती. मग सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने १००० पाउंड हातात ठेवले आणि सांगितलं करा काय करायचं ते, आणि निर्माता म्हणून डोक्यावर कोणी नको म्हणून अर्जंट आणि बासवाला ख्रिस व्हाइट यांनी तेही काम आपल्याकडेच घेतलं.

जून १९६७ मधे हे लोक लंडनमधल्या ॲबी रोडच्या ईएमआय स्टुडिओत शिरले. ही वेळ बघा जरा. त्याच इमारतीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' नुकताच उरकलेला, पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बमही त्याच वर्षी तिथलाच. अर्जंट सांगतो की बीटल्समधल्या लेननचा मेलोट्रॉन तिथेच पडलेला होता, तो यांनी बिनदिक्कत वापरून टाकला. मेलोट्रॉन म्हणजे दिसायला कीबोर्ड, पण प्रत्येक पट्टीखाली एक टेपचा तुकडा, त्यावर खऱ्या बासरीचा किंवा व्हायोलिनचा एकेक सूर भरलेला, पट्टी दाबली की टेप चालते आणि साधारण ८ सेकंदांत संपते, सोडली की मागे खेचली जाते. म्हंजे सूर लांबवायचा म्हटला तरी लांबत नाही, आणि टेप असल्यामुळे थोडा हलतो, थरथरतो. अल्बमभर जो एक किंचित स्वप्नात असल्यासारखा भास आहे ना, त्याचा निम्मा दोष या पेटाऱ्याचा. खरा ऑर्केस्ट्रा परवडला असता तर हा अल्बम बहुतेक गुळगुळीत झाला असता असं मला वाटतं. पैसे कमी होते ते बरंच झालं, हे आपण म्हणणं सोपं आहे म्हणा. स्टुडिओचा वेळ वाया जाऊ नये म्हणून हे लोक आधी तालमी करून, सगळं बसवून यायचे. तासन्‌तास नशेत जॅमिंग वगैरे भानगडच नाही.

आणि तरी हा अल्बम विचित्र आहे, चांगलाच विचित्र. फक्त विचित्रपणा आवाजात नाही, तो अशा ठिकाणी दडवलाय की तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत लक्षातच येत नाही. पहिलंच गाणं घ्या, 'केअर ऑफ सेल ४४'. उड्या मारणारा पियानो, सकाळच्या उन्हासारखी चाल, मधेच वाद्यं थांबून नुसते गळे, आपण मान डोलवतोय, आणि मग शब्दांकडे लक्ष जातं तर हा माणूस तुरुंगातल्या प्रेयसीला पत्र लिहितोय, सुटून ये, तुझी खोली तयार करून ठेवतो म्हणून. तिने काय केलं, किती वर्षं आत आहे, एक अक्षर नाही. त्याला त्याचं काही पडलेलंच नाही, तो खूष आहे. पुढच्याच गाण्यात, 'अ रोझ फॉर एमिली'त, ड्रम नाहीत, गिटार नाही, एक पियानो आणि गळे, आणि एक बाई जिच्या बागेतले गुलाब सगळे प्रेमिक घेऊन जातात आणि तिला कोणीच देत नाही. पावणेतीन मिनिटांच्या आत बाई म्हातारी होऊन मरतेसुद्धा. चाल मात्र इतकी गोड की दुःख कधी आत शिरलं कळत नाही. हे गाणं मी कामं करताना लावत नाही.

बँडचा मुख्य गायक कॉलिन ब्लनस्टोनच्या आवाजाबद्दल लिहायचं म्हटलं की विशेषणं संपतात म्हणून एवढंच, तो ओरडत नाही. तेव्हाच्या रॉकमधे हे दुर्मिळच. श्वासासकट गातो. 'टाइम ऑफ द सीझन' मधे तर तो श्वासच वाद्य झालाय, बासची ती चार-दोन सुरांची चाल, मग टाळी, मग 'आह्', आणि हे परत परत, कोणीही पहिल्या पाच सेकंदांत ओळखेल. गंमत म्हणजे हे गाणं जेमतेम तयार झालेलं असताना रेकॉर्ड झालं, कॉलिनला चाल नीट बसेना, अर्जंट सारखा दुरुस्त्या सांगतोय, शेवटी कॉलिन वैतागून म्हणाला की इतकं येतंय तर तूच ये आणि गा. इतकं भांडण चालू असताना गायलेलं गाणं इतकं निवांत कसं वाटतं हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडच्या कानाला एक गाणं वेगळंच लागेल, 'बुचर्स टेल'. पहिल्या महायुद्धात खंदकात अडकलेला एक खाटीक, हात थरथरतायत, घरी जायचंय. हे कॉलिनने नाही, ख्रिस व्हाइटने स्वतः गायलंय, थोडं कच्चं, आणि साथीला पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन. म्हंजे आपल्या संगीत नाटकांच्या साथीला जो असायचा, त्याच घराण्यातला. तो दम लागल्यासारखा आवाज ऐकून आमच्याकडे एका वडीलधाऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीतून विचारलं होतं की कोणाचं पद लावलंयस. अमेरिकेत अल्बममधलं सिंगल, म्हंजे सुटं विकायचं गाणं, म्हणून कंपनीने नेमकं हेच काढलं. व्हिएतनाम चालू होतं, त्या हिशोबाने असेल, पण रेडिओवर नाचायला लावायच्या गाण्यांमधे हे! अर्थात पडलं.

पडायला तोवर बँडच उरला नव्हता म्हणा. आधीची दोन सिंगल्स इंग्लंडात आपटली, गाणी लिहिणाऱ्या दोघांना रॉयल्टी यायची आणि बाकी तिघांची गुजराण कार्यक्रमांवर, तर डिसेंबर १९६७ मधे सगळे शांतपणे वेगळे झाले. अल्बम आला एप्रिल १९६८ मधे. कॉलिन तेव्हा विमा कंपनीत नोकरीला! कव्हर एका मित्राने रंगवलं, फुलंफांद्या, वितळणारी अक्षरं, आणि त्यात ओडिसीचं स्पेलिंग चुकलं, अर्जंटने बाकीच्यांना बरीच वर्षं गंडवलं की ते मुद्दामच आहे. मग अमेरिकेत अल कूपर या संगीतकाराने लंडनहून आणलेली रेकॉर्ड ऐकून कंपनीच्या मागे लागून अल्बम काढायला लावला, आणि १९६९ मधे 'टाइम ऑफ द सीझन' तिथे तिसऱ्या नंबरावर गेलं. पैसे घेऊन लोक दारात उभे आणि बँड गायब. त्यावर तिथल्या एका एजन्सीने सरळ नकली झॉम्बीज फिरवले, टेक्सासचे चौघं, कीबोर्डच नाही, आणि त्यातले दोघे पुढे झीझी टॉप या बँडमधून प्रसिद्ध झाले. खरे झॉम्बीज परत जमायला तयार नव्हते, अर्जंट आणि व्हाइट नव्या बँडच्या मागे लागले होते. अख्खा अल्बम त्यांनी रंगमंचावर पहिल्यांदा वाजवला तो २००८ मधे, लंडनला, चाळिशीनिमित्त, आणि तोवर गिटारवाला पॉल ॲटकिन्सन गेला होता.

ऐकणार असाल तर एक फुकटचा सल्ला. स्टिरिओ (डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज) आणि मोनो (दोन्हीकडे एकच आवाज) दोन्ही मिळतात. मोनो झाल्यावर कंपनीने स्टिरिओही मागितला, पैसे संपलेले, अर्जंट आणि व्हाइटने खिशातून भरले. पण 'धिस विल बी अवर इयर' मधली ती ब्रासची, म्हंजे पितळी फुंकवाद्यांची, साथ मोनो मिक्स करताना थेट वरून वाजवलेली, वेगळी टेपच नाही, त्यामुळे त्या गाण्याचा जुना स्टिरिओ म्हणजे मोनोलाच ओढूनताणून दोन बाजूंना पसरलेला. ते एक तरी मोनोतच ऐका. आणि 'चेंजेस' हेडफोनवर, पाचही जण एकत्र गातात ते.