हिमालिया: गुरूचा लांबचा चंद्र कॅमेऱ्यात धरताना

गुरूचे चार मोठे चंद्र इंदूरच्या गच्चीवरून साध्या दुर्बिणीतही दिसतात. मला हवा होता हिमालिया. गुरूचे जे आज शंभराच्या घरात चंद्र माहीत आहेत, त्यांतले बहुतेक बारके, ओबडधोबड आणि आडव्यातिडव्या कक्षांचे. हिमालिया त्या जमातीतला सर्वांत मोठा. तरी रुंदी जेमतेम दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि तेज पंधराव्या प्रतीच्या जवळपास (प्रत हे तेजाचे माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद). म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्याही सुमारे तीन हजार पट मंद.

गुरूच्या जवळ असता तर आशाच नव्हती. अमाल्थिया हा आतला चंद्र खरे तर हिमालियापेक्षा थोडा तेजस्वी, पण गुरूच्या झगझगाटात तो हौशी माणसाच्या हाती लागणे महाकठीण. हिमालिया मात्र गुरूपासून सरासरी १ कोटी १४ लाख किलोमीटरवर फिरतो. चार मोठ्या चंद्रांतल्या सर्वांत बाहेरच्या कॅलिस्टोच्या सहापट लांब. आकाशात तो गुरूपासून जास्तीत जास्त अंशभर दूर जातो, म्हणजे पौर्णिमेच्या दोन चंद्रांएवढा. त्यामुळे योग्य रात्र निवडली की गुरूला फ्रेमच्या बाहेर ठेवता येते. माझी सगळी भिस्त यावरच होती.

नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची होरायझन्स नावाची सेवा आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश दिले की अशा चंद्रांची तासातासाची जागा देते. हिमालियाची एक फेरी सुमारे २५० दिवसांची, त्यामुळे तो गुरूपासून पुरेसा लांब असण्याचे दिवस भरपूर मिळतात. त्यांतले अमावास्येजवळचे मी निवडले. गुरू मिथुनेत होता, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ. आपल्याकडून तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येत होता. जमिनीलगतचा धुरळा, धुके, सगळे खाली राहते. मंद वस्तू टिपणाऱ्याला याहून चांगले काय हवे!

इंदूर शहरातून हे काम होण्यासारखे नाही, म्हणून महूच्या पुढे मामांच्या शेतावर गेले. आठ इंची दुर्बीण, तिला ताऱ्यांमागे फिरवणारी बैठक म्हणजे माउंट, कॅमेरा, बॅटरी, लॅपटॉप. माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवावा लागतो आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम पावणेतेवीस अंश वर. तिथून उत्तरेला नेमका इंदूर-महूचा उजेड. तरी ध्रुव सापडला, जुळवणी झाली.

खरा त्रास दवाचा. जानेवारीत माळव्यात रात्री पारा चांगलाच उतरतो, त्यात शेतीची वीज रात्रीची, म्हणून शेजारच्या बटाट्याला पाणी सुरू. ओल्या वाफ्यांवरून गारवा आला की दुर्बिणीच्या नळीवरून थेंब ओघळू लागायचे. आतला छोटा आरसा धुरकटला की तारे आधी फुगतात, मग मंद तारे एकेक करून फ्रेममधून नाहीसे होतात. आरसा पुसायचा नाही. पुसला की त्यावरचा मुलामा खरवडतो. आरशाच्या पाठीला गरम होणारी पट्टी लावली, नळीच्या तोंडाला काळ्या फोमचा लांब गळा केला आणि मामांनी आमच्या बाजूच्या वाफ्याचे पाणी पहाटेवर ढकलले. तेव्हा कुठे तारे टाचणीच्या टोकासारखे आले.

एकेका मिनिटाच्या फ्रेम घेतल्या. थोड्या आधी, थोड्या तीन तासांनी. दोन्ही गठ्ठे ताऱ्यांवर जुळवून लॅपटॉपवर आलटून पालटून दाखवले, की तारे जागच्या जागी आणि जे सरकले ते उडी मारते. होरायझन्सने दिलेल्या जागी एक फिकट ठिपका उडी मारत होता.

मामा शेकोटीपाशी बसून बघत होते. म्हणाले, ‘‘बेटा, सरकतो आहे हे कबूल. पण हा गुरूचाच कशावरून?’’

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. कारण त्याच फ्रेममध्ये दुसराही एक ठिपका सरकत होता, आणि जास्त वेगाने! मिथुन रास ग्रहांच्या वाटेवर, तिथे लघुग्रहांची वर्दळ असायचीच. गुरू तेव्हा वक्री होता, ताऱ्यांमधून पश्चिमेकडे तासाला साधारण २० विकला सरकत होता. लघुग्रह आपल्याला जवळचे, म्हणून त्यांची उडी मोठी. पहिल्या ठिपक्याची तीन तासांतली चाल मोजली, ती एका कलेच्या, म्हणजे साठ विकलांच्या, जवळपास भरली. गुरूच्याच दिशेने, गुरूच्याच चालीने. मामांना दोन्ही ठिपके बोटाने दाखवले. ‘‘म्हणजे हा गुरूचं बोट धरून चाललाय,’’ ते म्हणाले. अगदी तेच!

१९०४च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत चार्ल्स पेरीन यांनी हिमालिया शोधला, तो ३६ इंची क्रॉसली दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांतून. तोही असाच, गुरूबरोबर चालणारा ठिपका म्हणून ओळखू आला. पुढच्याच महिन्यात त्यांना एलारा सापडला. दोघांच्या कक्षांचा कल सारखाच, अठ्ठावीस अंशांच्या आसपास. लिसिथिया आणि लेडाही त्याच घोळक्यातले. फार पूर्वी गुरूने पकडलेला एखादा लघुग्रह फुटून ही भावंडे झाली असावीत, असे मानतात. पासिफी वगैरे आणखी लांबचे चंद्र तर उलट्या दिशेने फिरतात. गुरू घडताना त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीत जन्मलेले चंद्र असे उलटे फिरले नसते, म्हणून ते बाहेरून आलेले, हा तर्क मला पक्का वाटतो.

दुसऱ्या रात्री आकाशाची तीच पट्टी पुन्हा टिपली. ठिपका गुरूबरोबर पुढे गेला होता. जुन्या जागी काही नव्हते. माझ्यापुरता निकाल लागला.

कुणाला करून बघायचे असेल तर सहा इंची दुर्बीणही पुरावी, फक्त फ्रेम जास्त घ्या आणि दवाची सोय आधी करा. मला आता एलारा हवा आहे. तो दोन प्रतींनी मंद, त्यामुळे फ्रेम ताऱ्यांवर न जुळवता चंद्राच्या चालीवर जुळवून एकावर एक रचाव्या लागतील. गुरू २०२७च्या फेब्रुवारीत पुन्हा आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो. मामांना सांगून ठेवले आहे, त्या आठवड्यात आमच्या बाजूला रात्रीचे पाणी नको.