एमएम 540 ला टर्बो, नोंद चौथी : निळा धूर

मागच्या नोंदीत गाडी टर्बोसकट सुरू झाली म्हणून मी पेढे वाटून मोकळा झालो होतो. तिसऱ्याच दिवशी सकाळी गल्लीत एवढा निळा धूर झाला की समोरच्या काकूंना वाटलं, महानगरपालिकेचं डास मारायचं मशीन आलं. त्यांनी पटापट खिडक्या लावून घेतल्या. मी टोपी खाली ओढून गाडी बंद केली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. गाडी म्हणजे महिंद्राची एमएम 540 जीप, 1994 ची. काकांच्या काटोलच्या संत्राबागेत वीसेक वर्षं राबली, मग माझ्या वाट्याला आली. इंजिन पूजोचं डिझेल, एक्सडीपी 4.90, 2112 सीसी, इनडायरेक्ट इंजेक्शन, कागदावर 62 बीएचपी. मागे चार गिअरचा केएमटी 90 गिअरबॉक्स. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा दाबणारा पंखा. हिच्यासाठी तयार टर्बो किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून जमवाजमव केली. टर्बो टाटा सुमोच्या 1948 सीसी टर्बो इंजिनाचा, सेकंडहँड, साडेसहा हजारांत. मॅनिफोल्डचा अडॅप्टर नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत करून घेतला, आणि पाइप, क्लॅम्प, होज वाडीला ट्रकवाल्यांच्या दुकानांतून. सुमोचाच टर्बो का, असं पुष्कळांनी विचारलं. इंजिनाचा आकार जवळपास तेवढाच, फिरण्याचा वेगही तसाच, म्हणजे हवेची भूकही तेवढीच. मोठा टर्बो बॉनेटखाली झकास दिसतो, पण आपल्या इंजिनावर तो जोर धरेपर्यंत चढ संपलेला असतो. आणि जुन्या पूजोला टर्बो झेपतच नाही म्हणणाऱ्यांसाठी : याच घराण्यातल्या 2304 सीसीच्या इंजिनावर खुद्द पूजोने 1979 मध्ये 604 गाडीत टर्बो बसवला होता. अर्थात तो कारखान्यात बसला होता, माझा गल्लीत.

आता धूर. गाडी थंड असताना काही नाही. पाच-सात मिनिटं स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालली की निळी रेघ सुरू. रेस दिली की एकदम लोट, मग कमी, पुन्हा स्लोवर आली की पुन्हा सुरू. आमच्या मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, वास घेतला आणि निकाल दिला, "भाऊ, टर्बोची सील गेली तुमच्या. जुना माल घेतला का असंच होते. काढा लागते." शेजारच्या गाळ्यातले दुसरे मिस्त्री पुढे आले. त्यांचं म्हणणं, बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांवरून खाली गळतो, इंजिनच खोला लागते. इंजिन खोलायला मी तयार नव्हतो. टर्बो लावायच्या आधीच चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं होतं : 26, 26, 25 आणि 24. तीस वर्षांच्या इंजिनाला हे उत्तम. ब्रीदरचा पाइप काढून पाहिला, तिथेही श्वास हलकाच.

टर्बो मात्र काढला. शाफ्ट बोटांनी हलवला तर आडवा किंचित हलतो, पुढे-मागे अजिबात नाही. पाती घरट्याला घासल्याची खूण नाही. हवेच्या बाजूचा पाइप कोरडा आणि सायलेन्सरच्या बाजूला तेलाने ओलंचिंब. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. तो न करता मी टर्बो रिकंडिशनला दिला, नव्या रिंगा आणि बेअरिंग टाकून आणला, 2,800 रुपये. बसवला, सुरू केला. काकूंनी खिडक्या लावल्या.

उलगडा झाला तो रविवारी, गाडी धुताना. आमच्या फाटकापुढे सिमेंटचा उतार आहे. मागची बाजू धुवायला सोपी जावी म्हणून मी गाडी नाक वर करून त्या उतारावर उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, धूर नाही. हातातला पाइप तसाच वाहत राहिला. मग गाडी वळवून उलटी लावली, नाक खाली. दोन मिनिटांत निळा पडदा. परत वळवली, नाक वर, पाच-सहा मिनिटांत साफ. चार वेळा केलं. तोपर्यंत गल्लीत प्रेक्षक जमले होते आणि एकाने विचारलंच, "काऊन फिरवून राहिला बे तिले गोल गोल?"

कारण असं. टर्बोत ज्याला आपण सील म्हणतो ती रबराची सील नसतेच. पिस्टनसारखी बारीक रिंग असते. ती तेल अडवते, पण मधल्या घरट्यात तेल तुंबलेलं नसेल तेव्हाच. तेल आत जातं इंजिनाच्या प्रेशरने आणि लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टभोवती घुसळून फेसासारखं बाहेर पडतं. बाहेर पडताना त्याच्यामागे कुठलाच प्रेशर नसतो. ते खाली येतं फक्त वजनाने, म्हणून जाताना बोटाएवढी नळी पुरते आणि परतीला अंगठ्याहून जाड लागते. माझी परतीची नळी जाड होती, चूक तिथे नव्हती. चूक चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला, भोक पाडलं त्या जागेत होती. सोय पाहून मी ते चेंबरच्या पुढच्या बाजूला, बरंच खाली पाडलं होतं. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं की सपाट जमिनीवर ते भोक अर्धं तेलात. नाक खाली केलं की पूर्ण तेलात. फेस खाली उतरणार कुठे? तो वर तुंबला आणि रिंगेवरून सायलेन्सरमध्ये गेला. भरीला भर म्हणून इंजिन माउंटिंगला वळसा घालताना नळीला पोट आलं होतं, सिंकच्या पाइपाला असतं तसं.

खात्रीसाठी चेंबरमधून पाऊण लिटर तेल काढलं आणि सपाट जागी गाडी चालवली. धूर जवळजवळ गायब. रिकंडिशनचे 2,800 हे माझ्या घाईचं शुल्क.

दुरुस्ती सोपी, पण किचकट. चासीखाली घोडे लावून पुढचा अॅक्सल लोंबता ठेवला, मग चेंबर सुटलं. जुनं भोक पॅच मारून बंद केलं आणि नवं सुमारे 40 मिमी वर, चेंबरच्या कडेच्या जरा खाली. नळी आता आतून 19 मिमीची, बहुतांश लोखंडी, फक्त मध्ये चार बोटं तेलाची होज, इंजिन हलतं म्हणून. कुठेही उभ्या रेषेपासून 35 अंशांपेक्षा जास्त कलू दिली नाही. मिस्त्रींनी सगळं बसवून झाल्यावर खालून टॉर्च मारला आणि म्हणाले, "आता सरकन उतरते पाहा." तेव्हापासून निळा धूर नाही. त्यांनी सीलचा विषयही काढला नाही, मीही नाही.

आता ज्याची वाट पाहत होतो ते आकडे. टर्बो लावायच्या आधीच मॅनिफोल्डमध्ये धुराचं तापमान मोजणारं के-टाइप थर्मोकपल बसवून घेतलं होतं, टर्बोच्या अलीकडे. या अख्ख्या कामात सगळ्यात शहाणपणाने खर्च झालेले 1,800 रुपये हेच. चाचणीची जागा बागेतली : नाल्यापासून वरच्या विहिरीपर्यंत 400 मीटरचा चढ, मागे हजार लिटर पाण्याची टाकी, दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. टर्बो नसताना 1 मिनिट 20 सेकंद आणि वर पोचताना धुराचं तापमान 640 अंश. टर्बो लावला, डिझेलच्या पंपाला हातही लावला नाही : 1 मिनिट 17 सेकंद, तापमान 560. वेळ फक्त तीन सेकंदांनी सुधारली म्हणून काकांचा मुलगा हसला, पण माझं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे होतं. डिझेल इंजिनात हवा वाढली आणि इंधन तेवढंच राहिलं की ते थंड होतं. पेट्रोलवाल्या मित्रांना हे सांगून पटत नाही. ताकद इंधनातून येते. टर्बोने फक्त जादा इंधन नीट जळायला जागा करून दिली.

मग पंपाचा फुल-लोड स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त इंधन किती द्यायचं ते ठरवणारा. रोटरी पंप आहे, स्क्रू आत घेतला की स्लोही वाढतो, तो वेगळा खाली आणावा लागतो. पाव आटा आत : 1 मिनिट 8 सेकंद, 610. अजून अर्धपाव आटा : 1 मिनिट 6 सेकंद, 670 आणि मागे कोळशाच्या इंजिनासारखा काळा धूर. दोन सेकंदांसाठी 60 अंश, हा सौदा मला परवडत नाही. जुने पिस्टन आहेत, माझी लक्ष्मणरेषा 650 ची. अर्धपाव परत बाहेर. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, 0.5 बारवर बांधून ठेवला आहे, हेड पॅकिंग जुनंच आहे म्हणून. पंपाला बूस्टप्रमाणे इंधन देणारा डायफ्राम नाही, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत खालच्या आरपीएमला थोडा काळा धूर राहतोच. डायफ्रामवालं पंपाचं डोकं शोधतो आहे, कोणाकडे असेल तर सांगा.

हे आकडे मार्चमधले. खरी परीक्षा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, झाली आणि तिथे मी कागद-पेन घेऊन बसलो. 45 अंशांची हवा टर्बोत शिरली आणि 0.5 बारने दाबली गेली की, टर्बोची कार्यक्षमता 65 टक्के धरली तर, ती साधारण 105 अंशांवर बाहेर पडते. गरम हवा विरळ. म्हणजे गेजवर दाब दीडपट दिसतो, पण सिलिंडरमध्ये हवा जाते सव्वापटच्या जरा वर. बागेतला चढ मेच्या दुपारी तीन वाजता चढवला तर त्याच स्क्रूवर 655. मार्चमध्ये सकाळी 610 होतं. पुण्या-नाशिकच्या मित्रांनी स्वतःच्या स्क्रूचे आटे मला सांगू नयेत, आमचं गणित वेगळं आहे. इंटरकूलरने हवा 65 पर्यंत खाली आली तर भरणी टर्बो नसतानाच्या तुलनेत चाळीस टक्क्यांनी वाढते, पण जीपच्या नाकात तो ठेवायचा कुठे? रेडिएटरपुढे ठेवला तर रेडिएटरच्या तोंडाला फडकं बांधल्यासारखं होईल. रेडिएटरला चार ओळींचा नवा कोअर आत्ताच टाकला आहे. पूर्वी टाकी ओढताना पाणी 102 ला जायचं, आता 94 वर थांबतं. ते मला घालवायचं नाही.

एअर फिल्टरबद्दल थोडं. मूळचा तेलाच्या वाटीचा फिल्टर काढून टाकला. टर्बोची ओढ जास्त, वाटीतलं तेल फवाऱ्यासारखं आत जाऊ लागलं होतं. आता ट्रॅक्टरचा कागदी फिल्टर, डबा बॉनेटखाली आडवा. बागेतली काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि टर्बोच्या पात्यांना ती पॉलिशपेपर लावते, म्हणून दर शनिवारी काढून झटकतो.

परवानगीचं दोघातिघांनी विचारलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. आरसीवरचा तपशील बदलेल असे फेरफार मनाला येईल तसे करता येत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांना आवर घातला आहे. माझा अर्ज पडलेला आहे. तोवर टर्बो लावलेली गाडी बागेच्या बांधाच्या आत.

आता पुढचं दुखणं. मागच्या आठवड्यात पहिला पाऊस झाला, नाल्याजवळ चिखल झाला आणि टाकी भरलेली असताना इंजिन ओरडलं पण गाडी पुढे सरकली नाही. खाली वास आला, पापड करपल्यासारखा. क्लच. तोही 1994 चाच असावा. प्रेशर प्लेट कोणती टाकावी यावर मिस्त्रींची आणि माझी दोन मतं आहेत, बुधवारी गिअरबॉक्स उतरतो आहे.