रहिवासी दाखला, इथला आन् तिथला

परदेशात शिकायला जायचं म्हटलं की आमच्याकडे सगळे आधी विचारतात पैसा किती लागते, मग विचारतात इंग्रजी जमते का. रहिवासाच्या कागदाचं कोणीच विचारत नाही. माझी लहान बहीण जर्मनीत म्युनिकला एमएस करायला गेली तेव्हापासून दारव्हा, दिग्रसकडच्या गावातली पोरं आणि त्यांचे माय-बाप मला फोन करून राहिलेत, कोणी बाजाराच्या दिवशी थांबवून विचारतं, आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो की अॅडमिशनचं पोरगं पाहून घेईल, तुम्ही घरचे कागद काढून पाहा. आता सगळ्यांसाठी एकदा लिहूनच टाकतो.

तिने फॉर्म भरला तो राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी सामाजिक न्याय विभागाची ही योजना आहे, दरवर्षी ७५ जागा, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे आणि विद्यापीठ क्यूएसच्या, म्हणजे जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीच्या, यादीत पहिल्या २०० मधलं. ही शिष्यवृत्ती नसती तर म्युनिकचं नाव आम्ही नकाशावरच पाहिलं असतं, हे अगदी खरं आहे. महाराष्ट्राची योजना आहे म्हणून उमेदवार महाराष्ट्राचा पाहिजे, आणि तुम्ही महाराष्ट्राचे आहात हे सांगणारा कागद म्हणजे डोमिसाईल. पूर्ण नाव वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र. तहसीलमधून निघते, अर्ज आपले सरकारवर किंवा सेतूत.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच लोक अडकतात. ग्रामपंचायतचा रहिवासी दाखला वेगळा आणि डोमिसाईल वेगळा. ग्रामपंचायतचा दाखला सांगते की तुम्ही या गावात राहता. डोमिसाईल सांगते की तुम्ही १५ वर्षांपासून महाराष्ट्रात राहता. माझी बहीण इंजिनिअरिंगला नागपूरला होस्टेलवर होती, नंतर पुण्याला नोकरीवर, तर काउंटरवरचा माणूस म्हणे पोरगी गावात राहतच नाही, मग कसा देता येईल दाखला? मी म्हटलं साहेब, नागपूर महाराष्ट्रातच आहे, पुणेही महाराष्ट्रातच आहे, तुम्हाला १५ वर्षं राज्यातली पाहिजेत, गावातली नाही. शाळेची टीसी, पहिलीपासूनच्या शाळेचं बोनाफाईड, कॉलेजचं बोनाफाईड, जन्माचा दाखला, रेशन कार्ड, आधार, सगळं वर्षाप्रमाणे लावून दिलं की त्यात मधात कुठे खड्डा दिसायला नको. तुमचं पोरगं बाहेरगावी शिकत असेल तर त्या त्या वर्षाचं बोनाफाईड तेव्हाच काढून ठेवा, चार वर्षांनी कॉलेजात गेलं तर बाबूही बदललेला असतो आणि रजिस्टरही सापडत नाही.

आणखी एक, ५०० रुपयांचा बाँड पेपर. बाहेर बसलेले लोक म्हणतात घ्या लागते. लागत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, राष्ट्रीयत्व, असल्या सरकारी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालते. ज्या बाईचा दिवसाचा निंदणाचा रोजही ५०० होत नाही तिला कोणी बाँड घ्यायला लावलं तर मला खरंच राग येतो. आणि अर्ज केल्याची पावती घेतल्याशिवाय घरी येऊ नका, कारण २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे त्यात प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे, डोमिसाईलला १५ दिवस, मुदतीत मिळालं नाही किंवा नाकारलं तर अपील करता येते, आणि विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकते. पावतीच नसली तर तुमची मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार?

डोमिसाईल तरी मिळालं. आमचं खरं काम अडलं होतं त्याच्या आधी, ग्रामपंचायतमध्ये, रहिवासी दाखल्याला. घर बाबांच्या नावाने. बाबा जाऊन काही वर्षं झाली पण नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतच्या घराच्या नोंदीवर, अजून त्यांचंच नाव, लाईट बिल त्यांच्याच नावाने, घरटॅक्सची पावती त्यांच्याच नावाने. पुन्हा नमुना ८ वर नावापुढे राव आणि टीसीवर राव नाही. गावात घरोघरी हेच आहे, माणूस जाते आणि कागदावर तसाच राहते, कोणाचं काही अडत नाही म्हणून कोणी पाहत नाही. आणि अडते तेव्हा पोरीच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख जवळ आलेली असते.

मग वारस नोंद करायला घेतली. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, मग तो मासिक सभेत जाते, ठराव होते आणि मग नमुना ८ वर नावं चढतात. ग्रामसेवकांकडे दोन-तीन गावं असतात, ते रोज येत नाहीत, तो दिवस विचारून ठेवायचा. तर अर्ज देताना तिथे बसलेल्या एका जाणत्या माणसाने मला चांगल्याच हेतूने सांगितलं, म्हणे तुझं आणि मायचं नाव टाक, पोरीचं कायले टाकतं? ते तर चालली परदेशात, उद्या सही लागली तर आणशीन कुठून? तिच्याकडून संमती लिहून घे आन् मोकळा हो.

मी घरी येऊन मायला सांगितलं. माय तूर निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "काहून? तिचं घर नाई का हे? ज्या घराचा दाखला घेऊन ते तिकडे जाऊन राह्यली, त्याच घरातून तिचं नाव काढतं का तू?" मी काढणार नव्हतोच, पण मायने ते असं सरळ बोलून दाखवलं ते मला फार बरं वाटलं.

तिघांची नावं टाकली. आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे राजेहो, पोरगी बाहेर चालली म्हणून तिचं नाव गाळू नका. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत पोरीचा हक्क पोराएवढाच आहे आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. परदेशात राहिल्याने वारसा जात नाही, घराचाही नाही आणि वावराचाही नाही. नमुना ८ हा तसा कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नाही, पण गावात सगळं त्याच्यावरच चालते. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून प्रॉपर्टी कार्ड देऊन राहिले, ते हातात आलं की त्यावर कोणाकोणाची नावं आहेत हे वाचून पाहा, नुसतं कपाटात ठेवू नका. सहीचं म्हणाल तर पासपोर्टवाला माणूस तिकडच्या भारतीय दूतावासातून मुखत्यारपत्र करून पाठवू शकते. सही लागेल म्हणून हक्क सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

निघायच्या आधी विहारात तिचा छोटासा सत्कार झाला, तिथे एका गुरुजींनी सांगितलं की बाबासाहेबांनीही १९२१ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव घातलं होतं. बहिणीला हे माहीत नव्हतं. ती त्या दिवशी कितीतरी वेळ तेच बोलत होती.

आता तिकडचं. जर्मनीत रहिवासाचा कागद लगेच करावा लागते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या शहराच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. म्युनिकमध्ये त्या ऑफिसला ब्युर्गरब्युरो म्हणतात. हा नियम तिथल्या नागरिकालाही आहे आणि आपल्यालाही. उशीर केला तर १००० युरोपर्यंत दंड होऊ शकते. नोंदणीला फी नाही. जाताना पासपोर्ट, फॉर्म आणि घर देणाऱ्याच्या सहीचा एक कागद लागते, व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक आहे पण पाठ करून ठेवा, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे. त्यात घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहणाऱ्याचं नाव असते. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही.

म्युनिकमध्ये रूम भेटणं फार कठीण आहे, सप्टेंबर संपताना तर विचारूच नका. तिला एक रूम भेटली, भाडं परवडणारं, विद्यापीठाला सरळ ट्रेन. तिने फोन केला तेव्हा आमचं सोयाबीन काढणं सुरू होतं, मळणी यंत्राचा आवाज, मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. म्हणे, "दादा, घरमालक म्हणते रूम घे, पण नोंदणीचा कागद देणार नाही. डिपॉझिट आजच मागून राहिला." मी विचारलं कागदाशिवाय काय काय अडते? तिने सांगितलं तिथल्या बँकेचं खातं अडते, टॅक्स नंबर येत नाही म्हणजे पार्टटाईम काम अडते, आणि विझा संपायच्या आत पुढचा राहण्याचा परवाना काढायचा तो अडते. मी म्हटलं मग ते रूम नको. ती गप्प झाली, कारण दुसरी रूम हातात नव्हती आणि होस्टेलचे पैसे रोज जात होते. मलाही तिकडे धुऱ्यावर उभ्या उभ्या काही सुचत नव्हतं. पण पैसे देऊ नको हे मी तिला दोनदा सांगितलं आणि तिने दिले नाहीत.

नंतर तिला कळलं की तो कागद द्यायला घर देणारा कायद्याने बांधलेला आहे, नाही दिला तर दंड त्यालाही होते. आणि घर देणारा म्हणजे घरमालकच पाहिजे असं नाही, ज्याने अख्खा फ्लॅट भाड्याने घेऊन त्यातली एक खोली तुम्हाला दिली तो मुख्य भाडेकरूही सही करू शकते. तिला शेवटी अशीच जागा भेटली, एका शिकणाऱ्या मुलीच्या फ्लॅटमध्ये, आणि तिने पहिल्याच दिवशी कागद भरून दिला. म्हणून माझं म्हणणं आहे, रूम पाहताना भाडं नंतर विचारा, नोंदणीचा कागद देणार का हे आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या, मेसेजमध्ये घेतलं तरी चालते. काही लोक पैसे घेऊन नुसता पत्ता वापरू देतो म्हणतात, तिथे राहायचं नाही फक्त नाव लावायचं. त्या भानगडीत अजिबात पडू नका, खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि परक्या देशात आपली सुरुवात खोट्या कागदावर कशाला करायची.

अपॉइंटमेंट लवकर भेटत नाही, रूम पक्की झाली की त्याच दिवशी पाहायला लागा, सकाळी लवकर रद्द झालेल्या वेळा मोकळ्या दिसतात असं ती सांगते. जी तारीख भेटेल तिचा ईमेल जपून ठेवा.

ऑफिसात काम थोड्याच मिनिटांत झालं. झेरॉक्सचा गठ्ठा तिने इथल्या सवयीने नेला होता, तो कोणी मागितलाच नाही. फक्त बाईने धर्म विचारला. ती घाबरली, कारण आपल्याकडे ऑफिसात हा प्रश्न आला की पुढे काय येते हे आपल्याला माहीत आहे. पण तिथे त्याचं कारण चर्चचा टॅक्स. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं तर इन्कम टॅक्सवर बव्हेरियात ८ टक्के आणि बहुतेक राज्यांत ९ टक्के चर्चचा टॅक्स लागते. आपल्यासारख्याला तो नाही. तिने बौद्ध सांगितलं, बाईने पुढचं विचारलं, झालं. तिने नोंदणी झाल्याचा कागद फोटो काढून पाठवला, रस्त्याचं नाव, घर नंबर, पिनकोड, बस. आमचा पत्ता अजूनही विहाराजवळ असाच लिहावा लागते, घराला नंबर आहे पण तो पोस्टमनलाही माहीत नाही.

कागद झाला की लेटरबॉक्सवर आपलं आडनाव लावा, पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच. तिकडे ११ आकडी टॅक्स नंबर पोस्टाने येते आणि बॉक्सवर नाव नसलं की पोस्टमन पत्र परत नेते. आपल्याकडे पोस्टमन आवाज देते, नाहीतर शेजारी ठेवून जाते, तिकडे तसं नाही. नंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येते, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी लागते आणि ते पत्र फसवणुकीचं नसते, फेकू नका. पण वर्गणी माणशी नाही, घरामागे एक असते, फ्लॅटमध्ये एकजण भरत असेल तर त्याचा नंबर कळवून तुमचं बंद करता येते, मग आपसात वाटून घ्या.

रूम बदलली की पुन्हा दोन आठवड्यांत नवीन पत्ता नोंदवायचा. देश सोडून परत यायचं ठरलं तर नाव काढूनही यावं लागते, नाहीतर तुम्ही इथे आणि वर्गणीची पत्रं तिकडे येत राहतात.

ज्यांची पोरं पुढच्या वर्षी फॉर्म भरणार आहेत त्यांनी या उन्हाळ्यातच नमुना ८ ची नक्कल काढून त्यावरची नावं वाचा, आणि वारस नोंद बाकी असेल तर अर्ज देऊन टाका. अर्ज कसा लिहायचा ते माझ्याकडे आहे, संध्याकाळी वावरातून आलो की मी घरीच असतो, येऊन उतरवून घ्या.