ऊडनाडाटा ट्रॅक: ६२० किलोमीटर कच्चा रस्ता आणि त्याची पूर्वतयारी

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मरी या गावापासून मार्लापर्यंत जाणारा ऊडनाडाटा ट्रॅक हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. गेल्या जुलैमध्ये मी, माझी पत्नी आणि साताऱ्याहून आमच्याकडे ॲडलेडला आलेले माझे थोरले बंधू अशा तिघांनी तो आमच्या फोर बाय फोर गाडीने सहा दिवसांत पार केला. आम्ही चार दिवस धरले होते. उरलेले दोन पावसाने घेतले. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांपुढे मुख्यतः तयारीविषयी लिहावे, असे परत आल्यापासून मनात होते, कारण प्रवासात जे निभावले ते घराच्या अंगणात आधीच निभावून पाहिले होते म्हणून.

दादांची सारी नोकरी एस.टी.च्या आगारात, गाड्यांच्या दुरुस्तीत गेली. निघण्याच्या तीन आठवडे आधी मी त्यांच्यापुढे सामानाची दोन पानी यादी ठेवली, तेव्हा ती न वाचताच ते म्हणाले, "यादी राहू दे. आधी मागचं चाक उतरवून दाखव." मी पाना लावला, तर नट हलेना. टायर बदलून देणाऱ्या गॅरेजने हवेच्या यंत्राने ते इतके आवळले होते की गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्यावर पूर्ण भार देऊनही उपयोग झाला नाही. पुढे असेही दिसले की नव्या, मोठ्या टायरमुळे गाडी उंच झाली आहे आणि मूळचा जॅक पुरेसा वर जात नाही. लांब दांड्याचा पाना, जास्त उंचीचा जॅक आणि जॅकखाली ठेवण्यासाठी जाड फळी या तीन वस्तू त्या एका संध्याकाळमुळे यादीत आल्या. म्हणून माझे पहिले सांगणे हेच आहे की जी वस्तू बरोबर नेणार ती निघण्यापूर्वी एकदा स्वतःच्या हाताने, अंधारात आणि हातमोजे घालून वापरून पाहावी.

टायरविषयी जितके बोलावे तितके थोडे. रस्ता बहुतेक ठिकाणी रुंद आणि सपाट असतो, परंतु वाहनांच्या सततच्या वर्दळीने त्यावर आडव्या लाटा उठतात आणि पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा होतो. डांबरी रस्त्यावर आमच्या चाकांत ३८ पीएसआय हवा होती. मरी सोडताना ती २८ वर आणली. हवा कमी केली की टायर दगडावर दबतो, सहसा फाटत नाही, आणि हादरेही कमी बसतात. मात्र अशा टायरवर वेग वाढवला तर तो तापून निकामी होतो, म्हणून ताशी ८० किलोमीटरच्या वर आम्ही कधीही गेलो नाही. हलक्या ट्रकसाठी बनवलेले जाड कडेचे टायर घ्यावेत, स्टेपन्या दोन असाव्यात आणि हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर व अचूक मापक बरोबर असावे.

विल्यम क्रीक सोडल्यावर सुमारे ९० किलोमीटरवर आमचे मागचे डावे चाक एका धारदार दगडाने कडेला फाटले. पंक्चरची वात तेथे चालत नाही. चाकच बदलावे लागते. रस्त्याची कड पावसाने भुसभुशीत झाली होती. फळीशिवाय जॅक जमिनीत रुतत गेला असता. फळीवर तो ठाम उभा राहिला. दादांनी मला सर्व नट हाताने फिरवून बसवायला लावले, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळायला लावले आणि ५० किलोमीटरनंतर गाडी थांबवून पुन्हा पाना लावायला सांगितले. पाचपैकी दोन नट खरोखरच पाव फेरा फिरले.

इंधन मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला या चार ठिकाणी मिळते आणि प्रत्येक टप्पा २०० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मोठ्या टाकीच्या गाडीला ते पुरते. तरीही खालच्या गिअरमध्ये आणि चिखलात खप बराच वाढतो, आणि एखादा टप्पा बंद झाल्यास आल्या वाटेने परतावे लागते. हे धरून आम्ही २० लिटरचा एक कॅन जादा घेतला होता. पाण्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. माणशी दररोज १० लिटर या हिशेबाने, ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवस अधिकचे पाणी घ्यावे आणि ते एकाच टाकीत न ठेवता अनेक कॅनमध्ये विभागावे, म्हणजे एक कॅन फुटला तरी सगळे पाणी जात नाही.

ही वाट पाण्यानेच आखली आहे. ग्रेट आर्टेशियन बेसिन या अवाढव्य भूजलसाठ्याचे पाणी येथे झऱ्यांच्या रूपाने वर येते. येथील मूळ रहिवासी असलेल्या अराबाना लोकांच्या वाटा या झऱ्यांवरून जात. पुढे १८७२ साली पूर्ण झालेली तारायंत्राची लाईन आणि वाफेच्या इंजिनांना पाणी लागे म्हणून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या 'घान' नावाच्या रेल्वेचा मार्गही त्यांच्याच जवळून गेला. रेल्वे १८९१ मध्ये ऊडनाडाट्याला पोहोचली आणि १९८० मध्ये हा मार्ग बंद झाला. रेल्वे येण्यापूर्वी माल वाहणाऱ्या उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हटले जाई, तरी त्यांतील बरेच जण बलुचिस्तान, पंजाब, सिंध अशा आपल्या उपखंडातील प्रांतांतून आलेले होते. मरीत त्यांची मशीद होती आणि खजुरीची झाडे अजून उभी आहेत. मरीपासून सुमारे १३० किलोमीटरवर 'बबलर' नावाचा झरा आहे. त्याच्या काठावर आम्ही अर्धा तास उभे होतो. स्वच्छ पाण्याच्या तळाशी करडी वाळू संथपणे घुसळत असते, मध्येच ती फुगून वर येते, पृष्ठभागावर एक मोठे वर्तुळ उमटते आणि वाळू पुन्हा खाली बसते. भोवती दूरवर एकही झाड नाही. घाईने पुढे जाणाऱ्यांनी दुसरे काही गाळले तरी हे गाळू नये. ऊडनाडाट्याच्या अलीकडे नील्स नदीवरील ५७८ मीटर लांबीचा अल्जेबकिना रेल्वेपूलही थांबून पाहण्याजोगा आहे.

पाऊस लागला तो विल्यम क्रीकला. तेथील पर्जन्यमापकात रात्रीत ११ मिलिमीटर भरले आणि सकाळी रस्ता बंद झाल्याचा फलक लागला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला एवढ्या पावसाने रस्ता बंद होतो हे पटणे कठीण जाते, पण काल जो फुफाटा चाकांमागे धुरासारखा उडत होता त्याचाच चिकटा झाला होता आणि दहा पावले चालताच बुटांखाली विटेएवढा थर जमला. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो, आणि ओल्या रस्त्यात पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्यावर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला भोगाव्या लागतात. म्हणून दोन दिवसांची सवड आणि तेवढे अन्न बरोबर असणे हाही तयारीचाच भाग समजावा. राज्य सरकारच्या रस्ते खात्याची रस्त्यांच्या स्थितीची माहिती दररोज पाहावी. जेथे मोबाइल चालत नाही तेथे पुढील मुक्कामाच्या उपाहारगृहात विचारावे.

मोबाइल गावांपुरताच चालतो. आम्ही सॅटेलाइट फोन भाड्याने घेतला होता आणि संकटसंदेश पाठवणारे ४०६ मेगाहर्ट्झचे बीकन विकत घेऊन नावावर नोंदवले होते. गाडीतील यूएचएफ रेडिओ ४० क्रमांकाच्या वाहिनीवर ठेवला, त्यामुळे गुरे नेणारे रोड ट्रेन समोरून येत असल्याचे आधी कळे. हे ट्रक ५० मीटरहून लांब असू शकतात; ते दिसले की डाव्या कडेला थांबावे आणि धूळ पूर्ण खाली बसेपर्यंत निघू नये. सूर्यास्तानंतर कांगारू आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात, तेव्हा चारच्या सुमारास मुक्काम गाठावा.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गाडी बंद पडली किंवा रुतली तर गाडी सोडून चालत निघू नये. १९९८ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे तेथील ऐन उन्हाळ्यात, एअर (Eyre) सरोवराच्या काठी गाडी रुतल्यावर एक ऑस्ट्रियन तरुणी मदतीसाठी विल्यम क्रीकच्या दिशेने चालू लागली आणि उन्हात वाटेतच मरण पावली. गाडीपाशी परतलेला तिचा सोबती वाचला. वाळूत रुतलेली गाडी चाकांतील हवा आणखी कमी केल्यावर बहुधा निघते, आणि नाही निघाली तरी विमानातून माणसापेक्षा गाडी कितीतरी लवकर दिसते. ऊडनाडाट्याला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदले गेले आहे. हा प्रवास मे ते ऑगस्ट याच काळात करावा, आणि रात्री पारा शून्याजवळ जातो हे धरून पांघरुणे न्यावीत.

भारतातून येणाऱ्यांनी भाड्याच्या गाडीचा करार ओळ न ओळ वाचावा. अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते आणि तेथे विमा लागू होत नाही. ट्रॅकचे नाव घेऊन लेखी परवानगी घ्यावी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना बरोबर ठेवावा.

मार्लाला डांबरी स्टुअर्ट महामार्ग लागतो. तेथे आम्ही चाकांत पुन्हा ३८ पीएसआय हवा भरली, एअर फिल्टर काढून झटकला आणि गाडीखाली ताडपत्री अंथरून प्रत्येक नट तपासला. छतावरील कॅरिअरचा एक बोल्ट हादऱ्यांनी कुठेतरी गळून पडला होता. दादांनी खिशातून तारेचा तुकडा काढला, ती जागा तीन वेढे देऊन बांधली, आणि मग आम्ही दक्षिणेकडे वळलो.