नव्या मूत्रपिंडाशेजारी साचलेले पाणी : माझा अनुभव

आईने दिलेले मूत्रपिंड माझ्या उजव्या ओटीपोटात बसवून सहा आठवडे झाले होते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ घटक; मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढतो) १.२ वर स्थिरावले होते. अशात उजवा पाय सुजू लागला. नागपूरचा मे महिना, उकाड्याने होत असेल, म्हणून मी चार दिवस अंगावर काढले, याची खंत आजही वाटते. धंतोलीतल्या रुग्णालयात तपासले तेव्हा क्रिएटिनिन १.९ निघाले.

सोनोग्राफीत मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्या मध्ये साचलेले पाणी दिसले. त्याच्या दाबाने मूत्रवाहिनी आवळली जाऊन मूत्रपिंडाला सूज आली होती. सुईने काढलेले ते पाणी फिकट पिवळे, अगदी लघवीसारखे होते, आणि मूत्रवाहिनीच्या जोडातून लघवी गळत असेल तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. अहवाल येईपर्यंत आई पाण्याचा घोट घेईना. एकाच मूत्रपिंडावर असलेल्या बाईने असे करू नये म्हणून मी तिच्यावर रागावलो. त्या पाण्यातले क्रिएटिनिन रक्ताइतकेच निघाले. लघवी असती तर ते कितीतरी पटींनी जास्त आले असते.

ही लसिका होती, म्हणजे शरीरातल्या बारीक लसिकावाहिन्यांतून वाहणारा द्रव. ती अशी एका जागी साचली की त्याला लिम्फोसील म्हणतात. मूत्रपिंड पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडताना भोवतालच्या बारीक लसिकावाहिन्या तुटतात आणि त्यांतून झिरपणारा द्रव तिथेच साचतो.

आठ दिवसांत पाणी पुन्हा भरले. मग ते बाहेरच्या पिशवीत वाहून जावे म्हणून त्वचेतून पिगटेल नळी (टोकाशी वळलेली बारीक नळी) घातली. पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटाव्यात म्हणून तिच्यातून बिटाडीन आत सोडून काही वेळाने काढून घेत. आई रोज सकाळी पिशवीतले पाणी मापाच्या भांड्यात ओतून वहीत आकडा लिहायची : २४०, २१०, १९०, पुन्हा २३० मिली. टॅक्रोलिमसमुळे प्रतिकारशक्ती दबलेली असताना नळी फार दिवस ठेवणे जंतुसंसर्गाला आमंत्रण होते. तरीही 'पुन्हा ऑपरेशन' या शब्दांनीच मी बिचकलो आणि होकार द्यायला आणखी चार दिवस घेतले. ते घ्यायला नको होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुर्बिणीतून, तीन लहान छिद्रांतून, पाणी साचलेली पोकळी आणि उदरावरण (पोटाच्या आतले पातळ अस्तर) यांच्यामध्ये खिडकी पाडण्यात आली, जेणेकरून लसिका पोटात उतरून तिथेच शोषली जावी. तिसऱ्या दिवशी घरी आलो. पंधरवड्यात क्रिएटिनिन १.३ वर आले, पायाची सूज त्याआधीच उतरली होती. आईच्या वहीत शस्त्रक्रियेच्या तारखेपुढे आकडा नाही. 'नळी काढली' एवढेच लिहिले आहे.